बोरन्हाणाचे फोटो: पडदा निवडण्याआधी खोलीची लांबी मोजा

संक्रांत जवळ आली की बोरन्हाणाच्या फोटोंसाठी फोन सुरू होतात आणि त्यांतला पहिला प्रश्न दर वर्षी ठरलेला असतो: ‘पडदे कोणकोणते आहेत?’ मी स्वतःचा स्टुडिओ ठेवत नाही, तासाच्या भाड्याने घेतो, त्यामुळे गेल्या काही वर्षांत लहान-मोठे बरेच स्टुडिओ पाहून झाले आहेत. चाळीस पडद्यांची यादी दाखवणाऱ्या, पण दहा फुटांच्या खोलीत थाटलेल्या स्टुडिओपेक्षा मागे टांगायला एकच पांढरा कागद आणि अठरा फूट लांबी असलेली रिकामी खोली मी केव्हाही पत्करेन. काळे झबले आणि पांढरे हलव्याचे दागिने असा जोड असताना फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा पडद्यामुळे नव्हे, तर पडदा आणि मूल यांच्यातील अंतरामुळे.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते. फोटोंची वेळ मात्र मुलाची झोप आणि खाणे झाल्यानंतरची, आणि समारंभाच्या आधीची घ्यावी, कारण समारंभानंतर निम्मे दागिने मुलाच्या पोटात गेलेले असतात.

स्टुडिओ पाहायला जाताना मोजपट्टी न्यावी. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर उभ्या मुलाचा डोक्यापासून पायांपर्यंतचा फोटो घ्यायचा, तर कॅमेरा मुलापासून साधारण साडेनऊ फुटांवर असावा लागतो. त्यात मुलाच्या मागचे चार फूट आणि आपल्याला उभे राहायला दोन फूट धरले, तर खोली किमान पंधरा-सोळा फूट हवी; अठरा असली तर उत्तम. जागा कमी म्हणून रुंद कोनाची लेन्स लावून जवळ जाण्याचा सल्ला ऐकू नये, त्याने मुलाचे कपाळ आणि नाक मोठे दिसते. दिव्यांच्या स्टँडवर, ते कलंडू नयेत म्हणून, वाळूच्या पिशव्या आहेत की नाहीत, हे तिथेच पाहावे. नसतील तर तो स्टुडिओ मुलांसाठी नाही, मग भाडे कितीही कमी असो.

आता पार्श्वभूमी. इथे मी स्वतः दोन हंगाम ठेचकाळलो.

पहिल्या वर्षी मी काळा मखमली पडदा लावला. काळ्यावर पांढरा हलवा खुलून दिसेल, हा माझा हिशेब होता आणि हलवा खुललाही. पण काळे झबले काळ्या पडद्यात विरघळून गेले. फोटोत एक चेहरा, दोन हात आणि अधांतरी लटकलेला हार एवढेच उरले. मुलाच्या आईने फोटो पाहून विचारले, ‘बाळाचं अंग कुठं गेलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी मी दुसरे टोक गाठले: पांढरा कागद, त्यावर मागून दोन दिवे. आता झबले दिसू लागले, पण मागच्या झगझगाटाने ते राखाडी, धुतल्यासारखे झाले, आणि मुकुटाचे कडेचे दाणे पांढऱ्यावर पांढरे होऊन नाहीसे झाले. काळ्या कपड्यांसाठी पांढरा पडदा घ्यावा, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो; तो देणाऱ्याने हलव्याचे दागिने घातलेले मूल कॅमेऱ्यातून पाहिलेले नसते. (चार वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टच्या अर्जाला पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो लागतो. तेवढ्यासाठी पांढरा जरूर वापरावा.)

उत्तर सापडले ते अपघाताने. एका दुपारी मागचे दोन्ही दिवे बंद पडले आणि नाइलाजाने मी फक्त मुलावरच्या सॉफ्टबॉक्सवर (पांढऱ्या कापडाच्या पेटीतून मऊ प्रकाश देणाऱ्या दिव्यावर) फोटो काढत राहिलो. मागचा तोच पांढरा कागद फोटोत करडा आला होता. झबले त्याहून गडद, हलवा त्याहून उजळ, आणि दोन्हींच्या कडा स्वच्छ वेगळ्या. मला हवी असलेली पार्श्वभूमी माझ्यासमोरच टांगलेली होती.

यामागचे गणित साधे आहे. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो आणि तिप्पट झाले की एक नवमांश. दिवा मुलापासून तीन फुटांवर आणि मूल कागदापासून तीन फूट पुढे असेल, तर कागद दिव्यापासून ढोबळमानाने सहा फुटांवर येतो. त्याला मुलाच्या चतुर्थांश प्रकाश मिळतो आणि पांढरा कागद मध्यम करडा दिसतो. मूल सहा फूट पुढे आणले, तर तोच कागद पाटीच्या रंगाजवळ जातो आणि काळेभोर जावळ त्यात बुडू लागते. म्हणून बोरन्हाणासाठी मी मुलाला कागदापासून साडेतीन ते चार फुटांवर बसवतो, त्याहून जवळ नाही आणि फार लांबही नाही. दिवा वरून आणि बाजूने ठेवला की सावलीही चौकटीबाहेर पडते.

हे गणित एका ठिकाणी फसते आणि त्याची सूचना कोणी देत नाही. अरुंद खोलीच्या भिंती पांढऱ्या असल्या, तर प्रकाश त्यांच्यावर आपटून कागदापर्यंत पोहोचतो आणि कागद काही केल्या करडा होत नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंना काळी चादर टांगावी आणि सॉफ्टबॉक्सचे तोंड कागदापासून थोडे वळवावे. छत बुटके आणि पांढरे असेल, तर दुसरा स्टुडिओ शोधावा.

दिवा बाजूने ठेवण्याचा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. चांगल्या हलव्याला काटा असतो. तो तासन्‌तास मंद आचेवर पाक घालत फुलवलेला असतो. बाजूच्या प्रकाशात प्रत्येक काट्याची लहानशी सावली पडते आणि दागिना खरा वाटतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला, की त्याच हलव्याचे थर्माकोलचे गोळे होतात.

रंगीत पार्श्वभूमी हवीच असेल, तर मातकट, गेरूच्या जवळचा, अजिबात न चमकणारा रंग निवडावा. लालभडक किंवा पोपटी कापड जवळ असले तर त्याची झाक हनुवटीखाली उतरते, आणि त्वचेआधी ती पांढऱ्या हलव्यावर दिसते. नंतर संगणकावर ती काढायला गेले की चेहऱ्याचा रंग बिघडतो. पतंग आणि ‘पहिली संक्रांत’ छापलेले फ्लेक्स मी वापरत नाही. ते चमकतात, त्यांवरच्या घड्या दिसतात, आणि छापील पतंगाचा दोरा हटकून मुलाच्या डोक्यातून निघाल्यासारखा येतो. पतंग हवा असेल तर खरा कागदी पतंग बाजूला टेकवून ठेवावा.

कापड की कागद, या वादात मी कागदाच्या बाजूचा आहे. कापड इस्त्री करूनही सुरकुत्या दाखवते. कागदाचा पूर्ण रोल २.७२ मीटर रुंद आणि साधारण ११ मीटर लांब मिळतो; १.३५ मीटरचा अर्धा रोल बसलेल्या एकट्या मुलाला पुरतो, पण मांडीवर घेणारी आजी आली की तोकडा पडतो. कागदावर पायमोजे घसरतात, तेव्हा मूल अनवाणीच असावे.

मूल येण्याआधी चाचणी घ्यावी. मी मुलाच्या जागी स्टुलावर एक मिटलेली काळी छत्री आणि वाटीभर हलवा ठेवतो. छत्रीच्या घड्या दिसल्या पाहिजेत आणि हलव्याचा काटा दिसला पाहिजे. दोन्ही दिसेपर्यंत दिवा पुढे-मागे करावा. कॅमेरा मॅन्युअलवरच ठेवावा, म्हणजे उजेडाचे माप आपणच ठरवावे, कारण कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन काळे कपडे पाहून फोटो उजळवते आणि हलव्याचा नुसता पांढरा डाग करून टाकते.

मूल आल्यावर पंधरा-वीस मिनिटे मिळतात. आधी दागिन्यांसह एकट्याचे फोटो, मग घरच्यांबरोबरचे, आणि बोरे, मुरमुरे, उसाचे करवे ओतणे अगदी शेवटी. लहान मुलाच्या हाती अख्खे बोर किंवा हरभरा लागू देऊ नये, त्यासाठी घरातल्या एका माणसाला चौकटीबाहेर तेवढ्याच कामाला बसवावे.

निघताना कागदाचा मळलेला भाग कापून टाकावा. काही स्टुडिओ त्याचे वेगळे पैसे लावतात, ते आधी विचारून घ्यावेत. उरलेला कागद नीट झटकून मगच गुंडाळावा. एका वर्षी मी माझा रोल तसाच गुंडाळून घरी आणला, आणि आठवड्याने दुसऱ्या बोरन्हाणाला उलगडला तेव्हा चिरडलेल्या हलव्यामागोमाग मुंग्यांची रांग बाहेर आली.