इंजिन चढावर ठोकते? टायमिंग फिरवण्याआधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात जुने पेट्रोल ट्रक आणि पेट्रोल जीप आता मोजक्याच उरल्या आहेत. त्यांची इंजिने केवळ चुकीच्या निदानामुळे निकामी व्हावीत, ही खेदाची गोष्ट आहे. भरलेली गाडी तवंदी घाटाला लागली आणि इंजिनातून टणटण असा कोरडा आवाज येऊ लागला, की बहुतेकांचा हात थेट सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे जातो; तो फिरवला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बदलते. त्याआधी आवाज ओळखावा. नॉकिंगमध्ये, म्हणजे या ठोक्यात, ठिणगीने पेटलेली ज्वाला पसरत असतानाच कडेला उरलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटते. म्हणून हा आवाज भाराखाली येतो आणि ॲक्सिलरेटर जरा सोडताच थांबतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटचा आवाज गाडी उभी असतानाही ऐकू येतो. एका सिलिंडरच्या प्लगची ठिणगी तोडल्यावर जो जड ठोका कमी होतो, तो बहुधा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असतो आणि तो टायमिंगने कधीच जाणार नाही.

माझ्या मते सर्वांत घातक चूक म्हणजे कानाने टायमिंग बसवणे. गाडी उभी ठेवून, डिस्ट्रिब्यूटर फिरवत जिथे इंजिन सर्वाधिक वेगाने फिरेल तिथे बोल्ट आवळला जातो. परंतु भार नसलेले इंजिन जेवढे आगाऊ (लवकर ठिणगीचे) टायमिंग निमूटपणे सोसते, तेवढे भाराखाली सोसत नाही. आपल्याकडे यात आणखी एक फसगत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे हवा विरळ असते आणि सिलिंडरमधला दाब थोडा कमी राहतो. त्यामुळे येथे शांत वाटणारी गाडी गोव्यात उतरून, माल भरून साखळी गावाकडून चोर्ला घाट चढू लागली की ठोकू लागते. अशा वेळी दोष गोव्याच्या पेट्रोलला दिला जातो, जरी टायमिंग मुळातच पुढे गेलेले असले तरी.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी डिस्ट्रिब्यूटरमधील, उघडताच ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट आणि मगच टायमिंग, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात व टायमिंग पुढे सरकते. जुन्या महिंद्रा जीपमधील हरिकेन इंजिनासाठी पॉइंटची फट ०.०२० इंच, टायमिंग टीडीसीपूर्वी (पिस्टन सर्वांत वर येण्यापूर्वी) ५ अंश आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. इतर इंजिनांसाठी त्यांचेच मॅन्युअल पाहावे. डिस्ट्रिब्यूटरला व्हॅक्यूमची नळी असेल, तर ती काढून तिचे तोंड बंद केल्यावरच मंद वेगावर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पुलीवरील खुणेवर लावावा. पुलीची बाहेरची कड रबरावर बसवलेली असेल, तर जुने रबर सरकून खूणच खोटी पडलेली असू शकते. म्हणून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर वर आल्यावर खूण जुळते का, हे एकदा पडताळावे.

खूण बरोबर असूनही ठोका येत असेल, तर डिस्ट्रिब्यूटर उघडा. वेगानुसार टायमिंग पुढे नेणाऱ्या आतील वजनांची स्प्रिंग तुटली किंवा सैल झाली की वेग वाढताच टायमिंग गरजेपेक्षा लवकर पुढे पळते. व्हॅक्यूमने फिरणारी पॉइंटची प्लेट गंजून पुढेच अडकली, तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर व्हॅक्यूम कमी होऊनही टायमिंग मागे येत नाही, आणि नेमका चढावरच ठोका येतो.

इंधनाचाही विचार करावा, पण नेमकेपणाने. इथेनॉलमुळे पेट्रोलची ऑक्टेन पातळी, म्हणजे न ठोकता जळण्याची क्षमता, घटत नाही, वाढते. मात्र इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोलच्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, शिवाय टाकीतला जुना थर सुटून फिल्टर व जेट तुंबतात. पातळ मिश्रणाने इंजिन तापते आणि ठोकते. तेव्हा कार्ब्युरेटर स्वच्छ केल्याशिवाय टायमिंगला दोष देऊ नये. हेडमधला कार्बन, चुकीच्या उष्णतेचे प्लग आणि तुंबलेला रेडिएटर यांचीही तपासणी करावी.

आवाज बंद करण्यासाठी टायमिंग हवे तितके मागे ओढणे हा उपाय नव्हे. त्याने ठोका थांबतो, पण मिश्रण उशिरा जळत राहून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, पाणी उकळते आणि गाडी चढावर दम टाकते. दुरुस्तीनंतरची चाचणी नेहमीचा माल भरून, इंजिन पूर्ण तापल्यावर, चढावरच घ्यावी.