जुन्या घडणीच्या दुनळीने तबकड्या उडवताना या चुका टाळा

ओव्हर-अंडरवर, म्हणजे एकावर एक नळ्या असलेल्या बंदुकीवर, हात बसलेला नेमबाज शेजारी-शेजारी नळ्यांची, इंग्रजी घडणीची १२ बोअरची दुनळी घेऊन रेंजवर उतरतो, हवेत फेकलेल्या पहिल्या २५ तबकड्यांतल्या निम्म्या हुकवतो आणि दोष बंदुकीला देतो. बहुतेक वेळा चूक त्याच्या जुन्या सवयींची असते.

सर्वांत घातक चूक काडतुसाची. जुन्या इंग्रजी दुनळीत काडतूस बसते त्या कोठीची लांबी बहुधा ६५ मिमी असते, तर आज दुकानात मिळणारी बरीच काडतुसे ७० मिमीची असतात. तोंड दुमडलेले असल्याने ७० मिमीचे काडतूसही कोठीत सहज बसते. पण बार उडताना ते दुमडलेले तोंड उलगडून नळीच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब वाढतो. म्हणून काडतूस बसले एवढ्यावर समाधान न मानता खोक्यावरील मिमीचा आकडा वाचावा. नळी दमास्कस पोलादाची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली) असेल किंवा तिच्यावर नायट्रो (धूरविरहित) दारूच्या चाचणीचे शिक्के नसतील, तर जाणत्या बंदूक-कारागिराने तपासल्याशिवाय एकही बार काढू नये. पोलादी छर्रे तर अशा नळ्यांतून मुळीच नकोत. खिशात २० बोअरचे, म्हणजे १२ बोअरहून बारीक, काडतूस चुकूनही राहू देऊ नये, कारण ते १२ बोअरच्या कोठीतून पुढे सरकून अडकते आणि मागे दुसरे काडतूस भरून चाप ओढला तर नळी फुटते. २० बोअरची काडतुसे पिवळी असतात ती याचसाठी.

दोन चापांचा गोंधळ तुलनेने निरुपद्रवी, पण गुण तोच खातो. सहसा पुढचा चाप उजव्या, मोकळ्या चोकच्या (चोक म्हणजे नळीच्या तोंडाचा निमुळतेपणा) नळीचा असतो आणि मागचा डाव्या, आवळ चोकच्या नळीचा. दूर जाणाऱ्या तबकडीवर आधी पुढचा, मग मागचा चाप ओढावा. अंगावर येणाऱ्या तबकडीला हा क्रम उलटा करावा, म्हणजे ती दूर असताना आवळ नळी कामी येते. हे स्वातंत्र्य एकाच चापाच्या बंदुकीत इतक्या सहज मिळत नाही. मागच्या चापाकडे जाताना केवळ बोट न ताणता सरळ दस्त्यावरून सगळा हात किंचित मागे सरकवावा.

अशा पुष्कळ बंदुकांत बंदूक मोडून (म्हणजे बिजागरीवर उघडून) भरताच सेफ्टी आपोआप लागते. ‘पुल’ म्हणून हाक दिली, तबकडी निघाली, चाप ओढला आणि काहीच झाले नाही, हा अनुभव मीही घेतला आहे. अशा वेळी चापाशी झटापट करू नये. नळी रेंजकडेच ठेवून बंदूक मोडावी आणि पुढच्या खेपेला हाक देण्याआधी अंगठ्याने सेफ्टी पुढे सरकवावी. पुढची लाकडी पट्टी बारीक असल्याने डावा हात थेट नळ्यांवर येतो आणि त्या भराभर तापतात, म्हणून चामडी हातमोजा किंवा नळीवरचे चामडी आवरण वापरावे.

चाप ओढल्यावर घोडा पडूनही बार झाला नाही, तर नळी रेंजकडे रोखून ३० सेकंद थांबावे आणि मगच बंदूक मोडावी. काडतुसाच्या बुडातल्या टोपीवरचा ठसा उथळ असेल तर स्प्रिंग किंवा फायरिंग पिन कमजोर झाली आहे, असे समजून बंदूक कारागिराकडे न्यावी. आवाज फुसका आला तर दुसरे काडतूस भरण्याआधी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार पाहावे; आत डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) अडकलेला असू शकतो.