दोन शहरांचे रेडिओ रेटिंग कसे ताडून पाहावे

अमेरिकेतील क्रीडा-चर्चा केंद्रांचे आकडे मुंबईत बसून अभ्यासताना आधी मोजणीची पद्धत पाहावी. श्रोत्यांची मोजणी करणारी नील्सन ही कंपनी मोठ्या शहरांत अंगावर बाळगायचे मीटर वापरते, तर अनेक लहान बाजारपेठांत डायरीवर भिस्त ठेवते, आणि डायरीत श्रोता आठवेल ते, बहुधा आवडते केंद्रच, लिहितो. मग आकडा रेटिंगचा की शेअरचा, हे तपासावे: १०० जणांपैकी १० जण रेडिओ ऐकत असतील व त्यांतील २ जण ते केंद्र, तर रेटिंग (सर्व लोकांतील टक्केवारी) २, पण शेअर (रेडिओ ऐकणाऱ्यांतील टक्केवारी) २०. वयोगटही जुळवावा. स्थानिक संघाच्या धावत्या वर्णनाचे हक्क कोणाकडे आहेत, हे तर विसरूच नये. मुंबईशी थेट तुलना मात्र टाळावी, कारण आपल्याकडील खासगी एफएमला बातम्या द्यायच्याच झाल्या, तर आकाशवाणीच्याच, त्याही जशाच्या तशा, द्याव्या लागतात.