घरातल्याच वस्तूंनी शिवा पहिली गोधडी

गोधडी शिवायची म्हटलं की हल्ली आधी सामानाची यादी निघते: कापायची खास चटई, फिरतं पातं, धुतल्यावर जाणारं पेन, क्लिपांचा डबा. यातलं काहीही नसलं तरी अडत नाही. पैसे घालायचेच तर चांगल्या सुया आणि पक्का सुती दोरा, एवढ्यावरच घाला.

कापड

दोन जुन्या सुती पाचवारी साड्या पुरतात. सिंथेटिक नको, ती थरांत सरकत राहते. आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने साडी घासून बघा. रुमालावर रंग आला तर ती बाजूला ठेवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं सगळेच सांगतात, पण सुटणारा रंग सुटतोच.

फॉल उसवून टाका. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट असते. तिचे तीन तुकडे केले की प्रत्येकी ६ फुटांचे होतात. एका साडीचे तिन्ही तुकडे आत, दुसरीचे दोन वर आणि खाली. झाले पाच थर. उरलेला तुकडा कडेच्या पट्टीला आणि ठिगळांना. झिजून विरलेली साडी अर्थातच आतल्या थरांत जाईल.

जुनं कापड लोळागोळा होतं, कात्रीखाली पळतं. वरच्या-खालच्या तुकड्यांना साबुदाण्याची पातळ खळ किंवा गाळलेली भाताची पेज लावून इस्त्री करा, सरळ कापता येईल. कापडाच्या कात्रीने कागद कापू नका. बोथट कात्रीने अॅल्युमिनियम फॉइलच्या चार-पाच घड्या कापल्या तर थोडा फरक पडतो, पण खरी धार हवी असेल तर धारवाल्याकडेच द्या.

थर मांडणं

गोधडी बिघडते ती इथे, म्हणून घाई करू नका. फरशी पुसून कोरडी होऊ द्या. बहुतेक घरांत २ फुटी टाइल्स असतात (एकदा टेपने मोजून घ्या). तीन टाइल्स म्हणजे ६ फूट, आणि त्यांच्या सांध्यांवर कड जुळवली की काटकोन आपोआप मिळतो. सगळ्यात खालचा तुकडा उलटी बाजू वर करून पसरा, ताणू नका, नुसत्या सुरकुत्या काढा आणि कडा मास्किंग टेपने फरशीला चिकटवा. बाकीचे थर एकेक करून हाताने मधून कडेकडे सारवत पसरा. चार कोपऱ्यांवर भरलेले डबे ठेवा. वरवंटाही चालतो.

आता मधून सुरुवात करून वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. खालून वर येणारं सुईचं टोक चमच्याच्या कडेने उचला. बोटं टोचून घ्यायची गरज नाही. सेफ्टी पिना लावणार असाल तर त्या बंद करतानाही हाच चमचा उपयोगी पडतो.

शिवण

टाक्यांच्या रेघा आखायला अंगाच्या साबणाची वाळलेली चिपटी घ्या. गडद कापडावर ती खडूपेक्षा बारीक उमटते आणि धुतली की जाते. फिक्या कापडावर मास्किंग टेपची पट्टी चिकटवून तिच्या कडेने धावदोरा घाला, मात्र त्याच दिवशी ती काढा, नाहीतर गोंद राहतो. गोल नक्षी हवी असेल तर बांगडी किंवा वाटी आहेच.

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की गाठी पडतात. मेणबत्तीवरून एकदा ओढला तर कमी गुंततो. पाच थरांतून सुई ओढताना बोटं घसरतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा चिमटीत धरा, सुई झटकन निघते.

बोट टोचून रक्ताचा ठिपका पडला तर लगेच थंड पाणी लावा, गरम नको. थुंकीने ओला केलेला दोऱ्याचा बोळा ठिपक्यावर टिपायची जुनी युक्ती ताज्या डागावर खरंच चालते.

कडेची पट्टी मशीनवर मारायची असेल तर पट्टी दुमडून कपड्यांचे चिमटे लावा; इतक्या जाड कापडात टाचण्या वाकतात. मशीनला १६ नंबरची सुई घाला. मशीन कुरकुरलं तर त्यात खोबरेल तेल मात्र ओतू नका. थंडीत ते गोठतं, भाग जाम होतात. मशीनचंच तेल वापरा.

शेवटचं काम

कच्चे टाके उसवा. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक गोधडीवरून दोन्ही बाजूंनी फिरवा, एखादी हरवलेली सुई किंवा टाचणी सापडते. लहान मुलांसाठी शिवत असाल तर हे टाळूच नका. मग गार पाण्यात धुऊन खळ काढा, नाहीतर कपाटात झुरळं येतील. ओली गोधडी भलतीच जड होते, तेव्हा एका दोरीवर लोंबकळत न ठेवता दोन-तीन दोऱ्यांवर पसरून वाळवा.