बॉक्स फाइल आणि परीक्षेचे पॅड घरी सजवताना या चुका टाळा

पुठ्ठ्याची बॉक्स फाइल, परीक्षेचे पॅड आणि हिशेबाचे लांब रजिस्टर या स्टेशनरीच्या दुकानातल्या अगदी स्वस्त वस्तू. पण त्यांवर खणाचे कापड किंवा हातकागद नीट चढवला, तर त्या दिवाणखान्यातल्या मांडणीवरही शोभतात. काम अवघड नाही, तरीही पहिल्या दोन-तीन वस्तू बहुतेकांच्या हातून बिघडतात. त्या बिघाडाचे मूळ मला जवळजवळ प्रत्येक वेळी ओलाव्यात सापडले आहे. डिंकातले पाणी कुठे मुरते, कुठे मुरू शकत नाही आणि किती वेळाने बाहेर पडते, याचा विचार चिकटवण्यापूर्वी केलेला नसतो.

सर्वांत जास्त तक्रार असते ती पुठ्ठा वाकण्याची. रात्री सपाट दिसणारे पॅड सकाळी होडीसारखे झालेले असते आणि दोष पुठ्ठ्याच्या दर्जाला दिला जातो. खरे कारण असे, की ओला कागद फुगतो आणि त्याच फुगलेल्या अवस्थेत आपण तो पुठ्ठ्यावर बसवतो. वाळताना तो आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो. यंत्रावर तयार झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पडलेले असतात आणि कागद फुगतो तो मुख्यतः त्या दिशेला आडवा. त्यामुळे कापण्यापूर्वी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वळवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वळतो, त्या वळणाचा अक्ष म्हणजे तंतूंची दिशा. ती पुठ्ठ्याच्या लांब बाजूला समांतर ठेवावी. हातकागदात तंतू सर्व दिशांना पसरलेले असल्यामुळे त्याची ओढ बरीच समान असते, आणि नवशिक्याने पहिल्या कामासाठी तोच घ्यावा असे मी आवर्जून सांगेन. पुण्याच्या शिवाजीनगर भागातली हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे तर नावच या धंद्यावरून पडले आहे.

तंतूंची दिशा साधली, तरी एकाच बाजूला कागद लावलेला पुठ्ठा थोडा वाकतोच. म्हणून आतल्या बाजूला तेवढ्याच जाडीचे अस्तर लावणे हा सजावटीचा भाग न मानता बांधणीचा भाग मानावा. हे सगळे वाळेपर्यंत दाबून ठेवायला बाइंडरकडे शिकंजा, म्हणजे स्क्रूने आवळायचा दाबयंत्राचा सांगाडा, असतो. घरी दोन गुळगुळीत फळ्या आणि वर पाण्याने भरलेली कळशी पुरते. वस्तू दाबाखाली निदान एक रात्र ठेवावी, पावसाळ्यात दोन दिवस ठेवावी आणि मधे एकदा तिच्या भोवतीचे कोरडे कागद बदलावेत. पंख्याखाली किंवा उन्हात वाळवण्याची घाई केली, की वरचा थर आधी आकसतो आणि वाकणे वाढते. आधीच वाकलेले पॅड असेल, तर आतल्या बाजूला ओलसर अस्तर लावून ते पुन्हा दाबाखाली ठेवल्यास पुष्कळदा सरळ होते.

खणाच्या कापडाची अडचण वेगळी आहे. कापड विरळ विणलेले असले, तर फेव्हिकॉल त्याच्या धाग्यांतून वर येतो आणि वाळल्यावर काळपट, चकचकीत डाग ठेवतो, जो पुसून जात नाही. माझी पहिली फाइल याच डागांमुळे वाया गेली. आता मी कापडाच्या मागे आधी पातळ कागद चिकटवून घेते, तो पूर्ण वाळू देते आणि मगच त्याला कापडाऐवजी कागद समजून वापरते. डिंक नेहमी पुठ्ठ्याला लावावा, कापडाला लावू नये, आणि ब्रशने इतका पातळ पसरावा की खालचा पुठ्ठा अंधुक दिसत राहील. खणावरच्या बारीक बुट्ट्यांच्या ओळी कडेला समांतर नसतील, तर एक-दोन मिलिमीटरचा तिरकेपणाही लगेच डोळ्यात भरतो. म्हणून काठापासून मोजून पेन्सिलीची रेघ पुठ्ठ्यावर आधीच आखावी. कडांवरून आत दुमडण्यासाठी दोन सेंटिमीटर जागा सोडावी.

बॉक्स फाइलच्या बाबतीत आणखी एक चूक हमखास होते. फाइल उघडी, सपाट ठेवून बाहेरचे कापड ताणून चिकटवले जाते आणि मग ती मिटतच नाही, किंवा मिटताना पाठीच्या घडीवर कापड सुटते. बाहेरचे कापड फाइल मिटलेली असताना घडीच्या खाचेत घोटून बसवावे. आतले अस्तर मात्र फाइल उघडी असताना लावावे. पाठीवरचे बोटाचे भोक आणि आतल्या लोखंडी यंत्रणेचे रिव्हेट झाकू नयेत, कारण तिथे कापड घासून सर्वांत आधी फाटते.

बाजारातल्या अनेक फाइलींवर लॅमिनेशन असते, आणि त्यातून पाणी मुरू शकत नसल्यामुळे डिंक वाळतो खरा, पण धरत नाही. आठवडाभराने संपूर्ण आवरण सालीसारखे निघते. पृष्ठभागाची चकाकी जाईपर्यंत पॉलिश पेपर फिरवून धूळ पुसल्यावरच डिंक लावावा. प्लास्टिकच्या फाइलीवर मात्र हा उपायही चालत नाही. तिच्या मागे त्रिकोणात ५ हा आकडा असेल, तर ते पॉलिप्रोपिलीन आहे, आणि त्यावर साधा ॲक्रिलिक रंग किंवा फेव्हिकॉल टिकत नाही. अशा फाइलीला न चिकटवता काढता-घालता येणारे कापडी कव्हर शिवणे अधिक चांगले.

रंगवलेल्या रजिस्टरांची थप्पी लावण्याची घाई करू नये. ॲक्रिलिक रंग तासाभरात कोरडा लागतो, पण पुरता पक्का व्हायला कित्येक दिवस जातात, आणि तोवर दोन पृष्ठभाग उकाड्यात एकमेकांना चिकटून रंगाचे पापुद्रे निघतात. मधे बटर पेपर ठेवावा. स्टेपलर आणि पंचिंग मशीन यांचे हलणारे भाग रंगवूच नयेत.

डिंकाऐवजी खळ, म्हणजे पीठ शिजवून केलेली चिकी, वापरणाऱ्यांनी ती थोडी आणि ताजी करावी, कारण ती लवकर आंबते आणि कसर ही कागद खाणारी कीड तिच्यावर येते. बाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, परंतु ते विषारी असल्याने मुलांच्या वह्या असलेल्या घरात मी त्याऐवजी फेव्हिकॉलच वापरते.

त्याचा आणखी एक फायदा दुरुस्तीच्या वेळी कळतो. वाळलेला फेव्हिकॉल उष्णतेने मऊ होतो, त्यामुळे कागदाखाली फुगा राहिला असेल, तर बारीक सुईने भोक पाडून हवा काढावी, वर बटर पेपर ठेवून मंद इस्त्री काही सेकंद दाबावी आणि थंड होईपर्यंत जड पुस्तक ठेवावे. खणात कृत्रिम रेशमाचा धागा असू शकतो, म्हणून त्यावर इस्त्री फिरवण्याआधी उरलेल्या तुकड्यावर तिचा ताव पाहून घ्यावा.