बातमीदारी शिकताय? निदान या चुका तरी टाळा

दर जूनमध्ये आमच्या डेस्कवर नवी पोरं येतात. भाषा बरी असते, मोबाइलवर व्हिडिओही झकास काढतात. फक्त विचारायची लाज वाटते. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथंच आहे.

सगळ्यात आधी आकडे. एका ऑगस्टमध्ये रात्री साडेदहाला नव्या मुलाची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, आली: ‘कोयना धरणातून 10 हजार टीएमसी पाणी सोडले.’ पान लावायला घेतलेलं. त्याला फोन करून विचारलं, “कोयनेत पाणी मावतं किती?” “बघून सांगतो सर.” म्हटलं, मीच सांगतो, साधारण 105 टीएमसी. म्हणजे तू पंचाण्णव कोयना रिकाम्या केल्यास.

पाटबंधारे खात्याच्या मेसेजमध्ये स्वच्छ ‘क्युसेक’ लिहिलेलं होतं. वरच्या परिच्छेदात साठा टीएमसीत होता, म्हणून यानं खालीही तेच केलं. का, तर ‘एकसारखं दिसावं’! क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा वेग झाला. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हा साठा. 10 हजार क्युसेकनं अख्खा दिवस पाणी सुटलं तरी 86 कोटी 40 लाख घनफूट होतं, म्हणजे एक टीएमसीही भरत नाही. हा हिशेब मी त्याला दुसऱ्या दिवशी प्रूफच्या पाठकोऱ्या बाजूवर करायला लावला. तो करेपर्यंत चहा मिळाला नाही.

हसण्यावारी नेऊ नका. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. नदीकाठचा माणूस हे आकडे वाचून गुरं कधी हलवायची ते ठरवतो. माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून चिठ्ठी आहे: टीएमसी, क्युसेक, आणि एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. वीस वर्षं झाली, तरी आकडा आला की नजर तिकडे जाते.

दुसरी चूक थेट कोर्टात नेणारी. अत्याचाराच्या बातमीत मुलीचं नाव गाळलं की काम झालं असं वाटतं. एकानं नाव गाळलं, पण लहानशा गावाचं नाव, वडिलांचा हुद्दा आणि मुलगी कितवीत शिकते हे सगळं दिलं. अशा गावात ओळखायला आणखी काय लागतं? भारतीय न्याय संहितेचं कलम 72 फक्त नावापुरतं नाही. ओळख पटेल असं काहीही छापलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मूल असेल तर पोक्सोचं, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं, कलम 23 आहे. त्यात पत्ता, फोटो, घरची माहिती, शाळा, शेजार सगळं मोजून दिलंय. मी अशी कॉपी त्या गावच्या पानटपरीवाल्याच्या डोळ्यांनी वाचतो. त्याला कळणार असेल, तर ओळ काढतो. बातमी बारीक झाली तरी चालेल.

आता भराभर. ‘ताब्यात घेतले’ म्हणजे ‘अटक केली’ नव्हे. गुन्हा दाखल झाला म्हणून कुणी ‘चोरटा’ होत नाही, निकाल लागेपर्यंत आरोपीच. ‘सूत्रांनी सांगितले’ लिहिलंत तर ते सूत्र कोण, हे निदान मला तरी ठाऊक हवं. प्रेसनोटमधलं ‘मोठ्या उत्साहात संपन्न’ आधी खोडा, मग वाचायला बसा. इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीलाच, ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ दिसलं की मी पुढं वाचत नाही. हल्ली तर चॅटबॉटकडून लिहून घेतलेल्या कॉप्या येतात. शुद्धलेखन देखणं, पण अपघात कुठल्या फाट्यावर झाला ते नसतं. यंत्र फाट्यावर जात नाही, तुम्ही जा.

आणि बायलाइन, म्हणजे बातमीवर स्वतःचं नाव, कधी मिळेल, हे पहिल्याच आठवड्यात विचारणारे दरवर्षी दोन-तीन निघतात. त्यांना मी निधनवार्तांना बसवतो. नाव, वय, गाव, मागे कोण, अंत्यविधी किती वाजता. चार ओळींचं काम. त्यात सुनेचं नाव राहिलं किंवा वय चुकलं की सकाळी सातला घरच्यांचा फोन येतो. तो फोन मी त्यांनाच घ्यायला लावतो.