पाळी, हार्मोन आणि अंगातलं पाणी: या चुका टाळा

पाळी जवळ आली की अंगठी घट्ट होते, पोट तट्ट फुगतं, वजन वाढलेलं दिसतं. मग ‘अंगात पाणी साचलंय’ म्हणून बऱ्याच जणी पाणी पिणंच कमी करतात. ही चूक सर्रास होते, आणि तिने फायदा तर नाहीच, उलट शरीर पाणी आणखी घट्ट धरून ठेवतं.

असं का, ते नीट समजून घ्यायला हवं. रक्तात क्षारांचं प्रमाण किती आहे, यावर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसजवळच्या काही पेशी सतत पाळत ठेवून असतात. या मापाला ऑस्मोलॅलिटी म्हणतात. निरोगी माणसात ती 275 ते 295 (मिलिऑस्मोल प्रति किलो) च्या दरम्यान राहते. ती एक-दोन टक्क्यांनी जरी वाढली, तरी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन हे पाणी राखायला लावणारं हार्मोन सुटतं, मूत्रपिंडं पाणी राखतात आणि लघवी दाट होते. या पाळत ठेवणाऱ्या भागांत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते चिकटण्याच्या जागा, आहेत. त्यामुळे बीज सुटल्यानंतरच्या दोन आठवड्यांत व्हॅसोप्रेसिन सुटण्याची आणि तहान लागण्याची पातळी साधारण 5 अंकांपर्यंत खाली सरकते. म्हणजे पूर्वी 285 ला जे घडायचं, ते आता 280 च्या आसपास घडतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: यंत्रणा बिघडलेली नसते, तिने फक्त नवा आकडा धरलेला असतो. जास्तीचं पाणी प्यायलं तर ते नेहमीसारखं लघवीवाटे निघून जातं. कमी प्यायलं तर रक्त दाट होतं आणि व्हॅसोप्रेसिन वाढतं. म्हणून तहानेप्रमाणे पीत राहणंच बरं.

‘प्रोजेस्टेरॉन पाणी साठवतं’ हा समजही चुकीचा आहे. पाळीच्या उत्तरार्धात वाढणारं हे हार्मोन मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनच्या, म्हणजे सोडियम राखणाऱ्या हार्मोनच्या, जागेवर जाऊन बसतं आणि सोडियम बाहेर जाऊ देतं. ती तूट भरून काढायला शरीर रेनिन (अल्डोस्टेरॉन वाढवायला लावणारा मूत्रपिंडातला स्राव) आणि अल्डोस्टेरॉन वाढवतं. रक्तदाबाच्या तपासणीत हे दोन्ही वाढलेले दिसले, तर पाळीचा कितवा दिवस आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. नाहीतर नसलेल्या आजाराचा शोध सुरू होतो.

गर्भनिरोधक गोळ्या सगळ्या सारख्याच, असं मानू नका. ड्रोस्पायरेनोन (प्रोजेस्टेरॉनसारखा कृत्रिम घटक) असलेली गोळी अल्डोस्टेरॉनला अडवते, त्यामुळे पोटॅशियम वाढू शकतं. पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील तर ही गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मनाने घेणं तर टाळाच. सोडियम जातं, रेनिन चढतं आणि गोळी थांबवली की सूज दुप्पट जोराने परत येऊ शकते.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उलट्या टोकाच्या चुकीची. मॅरेथॉनसारख्या लांब पल्ल्यात ‘तहान लागण्याआधीच प्या’ हा सल्ला डोळे झाकून पाळला जातो. दीर्घ श्रम, वेदना, मळमळ यांमुळे ऑस्मोलॅलिटी कमी असूनही व्हॅसोप्रेसिन सुटत राहतं. प्यायलेलं पाणी मग बाहेर पडत नाही, रक्तातलं सोडियम 135 च्या खाली घसरतं आणि ते फार उतरलं तर मेंदूला सूज येते. अशा रुग्णांत स्त्रिया जास्त आढळतात. त्याला लहान शरीरयष्टी आणि मार्गावर जाणारा जास्त वेळ हीसुद्धा कारणं आहेत, सगळा दोष हार्मोनवर टाकता येत नाही. पण एकदा सोडियम उतरलं की पाळी चालू असण्याच्या वयातल्या स्त्रियांच्या मेंदूला इजा होण्याचा धोका जास्त मानतात; शस्त्रक्रियेनंतर सलाइन देतानाही हे भान ठेवावं लागतं. डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपणा, झटके दिसले की ‘डिहायड्रेशन असेल’ म्हणून आणखी पाणी पाजू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

गरोदरपणात ऑस्मोलॅलिटीचा आकडा आणखी खाली, साधारण 10 अंकांनी उतरतो. सोडियमही 4-5 अंकांनी कमी दिसतं. रिपोर्टवरची खूण पाहून मीठ वाढवायची घाई नको. तो गरोदरपणाच्या मापाने वाचायचा असतो. मात्र शेवटच्या महिन्यांत अचानक न भागणारी तहान आणि पाण्यासारखी भरपूर लघवी सुरू झाली, तर ‘या दिवसांत होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. वारेतून तयार होणारं एक एन्झाइम व्हॅसोप्रेसिन तोडून टाकतं. ते फार वाढलं की असं होतं, आणि त्यावर उपचार आहे.